गॅस नावाचा नंबर

६ फेब्रुवारी, शुक्र.

दुकानात सकाळपासून चार्जिंगच्या पिना. चार फोन. हळद शिजवायचे दिवस, प्रत्येक फोनच्या भोकात पिवळी धूळ. दोन नुसते सुईनं साफ करून सुरू झाले.

दुपारी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची, शोभाची, सासू गयाबाई आणि शोभाचा नवरा दत्ताभाऊ आले. काउंटरवर तीन फोन ठेवले. तिन्ही गेल्या दिवाळीत मीच चालू करून दिलेले. त्यातला एक शोभाचा. शोभा नव्हती.

गयाबाई बसल्या नाहीत. "पोरी, मला सांग, फोनात गॅस म्हणलं तर गॅसवालाच उचलंल का न्हाई?"

"उचलायला पाहिजे."

"मंग बाई कशी बोलली?"

झालं ते असं. बुधवारी टाकी संपली. दत्ताभाऊ शेतावर होता. गयाबाईंना वाचता येत नाही, त्या माइकचं चिन्ह दाबून नाव बोलतात. मीच शिकवलं होतं. 'गॅस' म्हणाल्या, फोन लागला. पलीकडून: "बोल शोभे. आज गुरुवार न्हाई, आज कशी काय? रातभर लाथा मारून राहिलं बघ लेकरू."

शोभाची मोठी बहीण लता. तिनं दुसऱ्या जातीत लग्न केलं. शोभाचं जमलं तेव्हा बैठकीतच ठरलं होतं, त्या बहिणीशी संबंध राहणार नाही. त्या घरात तिचं नावही घ्यायचं नाही.

दत्ताभाऊ म्हणाला, "ताई, मी सांगतो काय झालं. ह्या कंपन्या आपलं सगळं ऐकून राहिल्यात. शोभी बहिणीसंगं बोलली आसंल, फोननं ऐकलं, अन् दिला नंबर आईच्या फोनात टाकून."

शेजारच्या शिलाई दुकानातल्या काकू दारात उभ्या होत्याच. "व्हय बाई. मी तर पोरीच्या स्थळाचं बोलायचं आसलं की फोन बटणाच्या डब्यात घालून झाकण लावते."

मी गयाबाईंचा फोन घेतला. नावांची यादी. ग. गॅस. नंबर पूर्ण वाचायची गरज पडली नाही. तो मीच टाकलेला होता, डिसेंबरात, पण शोभाच्या फोनमध्ये.

तिघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "असं होतं कधी कधी."

मग त्यांनी शोभाच्या फोनमधलं सगळं पुसून द्यायला सांगितलं. पुसला. तिला बटणाचा साधा फोन नेला, तोही गयाबाईंच्याच कमरेच्या पिशवीत राहणार. टचचा फोन माझ्याकडे विकायला ठेवलाय.

पुसताना त्यात लताचे आवाजाचे संदेश होते. एक तीन मिनिटांचा. ऐकला नाही. काढूनही ठेवला नाही. काम म्हणून दाबलं.

७ फेब्रुवारी

काउंटरच्या वहीत मी प्रत्येक फोनचं लिहिते: लक्षण, कारण, काय केलं. हे त्या वहीत लिहिता येणार नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी त्या घराचे तीन फोन एकदम आले. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. तीन वेगळी खाती काढायची तर तीन नंबरांवर तीन कोड यायला हवेत, आणि गयाबाईंचं सिम सुरू झालेलं नव्हतं. दत्ताभाऊ म्हणाला, "ताई, समद्या सोयऱ्यांचे नंबर तिन्ही फोनात आले पाह्यजेत. पुन्ना पुन्ना टाकायचं काम नगं." मी एकच खातं काढलं आणि तिन्हींत घातलं. एका फोनमध्ये नाव टाकलं की तिन्हीत दिसणार. त्यांना तेच हवं होतं.

फोटोंची जोडणी मात्र बंद केली. हे पक्कं आठवतं, कारण तेव्हा स्वतःच्या हुशारीचं बरं वाटलं होतं.

माझे वडील, आप्पा, तर अख्ख्या गावाला दुकानाचं एकच खातं द्यायचे. पासवर्ड गल्ल्याच्या आतल्या बाजूला पुठ्ठ्यावर. मी पॉलिटेक्निकमधून आल्यावर ते बंद केलं. एका घराला एक खातं, हा माझा नियम. मला वाटायचं, सुधारणा.

डिसेंबरात लतानं दुकानाच्या पाटीवरचा नंबर कुणाकडून तरी मिळवून मला फोन केला. शोभा आणि मी दहावीपर्यंत एका बाकावर, लता दोन वर्षं पुढे. म्हणाली, पोटुशी आहे, वसमतला राहते, शोभीशी बोलायचंय. पुढच्या वेळी शोभा कव्हर बदलायला आली तेव्हा मी नंबर दिला.

शोभा म्हणाली, "वैशे, असं नाव टाक की कुणी हात लावणार न्हाई."

मी म्हणाले, "गॅस. गॅसला फोन दत्ताभाऊच लावतो ना? एजन्सीचा नंबर त्यानं मालकाच्या नावानं ठेवलाय, मी पाहिलाय."

ती हसली. लईच हसली. मी नाव टाकलं. खातं एकच आहे हे दोन महिन्यांत विसरले होते. नाही, विसरले नव्हते. विचारलं असतं तर सांगितलं असतं. डोक्यात एका बाजूला ते होतं, दुसऱ्या बाजूला हे. दोन्ही समोरासमोर आणली नाहीत.

१० फेब्रुवारी

गुरुजी आले, रिटायर झाल्यापासून त्यांच्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर काळी पट्टी. पट्टी सैल झाली की माझ्याकडून नवीन लावून घेतात. आज काकूंकडून गयाबाईंची गोष्ट ऐकून एकदम उत्साहात.

"मी काय म्हणत होतो? आपण ग्राहक नाही, आपण माल आहोत! त्या बिचाऱ्या म्हातारीच्या फोनमध्ये परस्पर नंबर! सगळ्यांनी मिळून तक्रार केली पाहिजे."

काकू: "परवा ह्यान्ला म्हणलं, मशीनचा पट्टा तुटला. संध्याकाळी फोनात पट्टेच पट्टे."

मला हे सगळं थोडं थोडं खरं आहे हे माहीत आहे. कुठे जातो, काय शोधतो, किती वेळ थांबतो, सगळं जातं त्यांच्याकडे. बहुतेक आपणच 'मान्य' दाबून दिलेलं असतं. त्यांच्याविषयी मला काही प्रेम नाही.

पण ह्या बाबतीत कंपनीनं सांगितलं तेवढंच केलं, अगदी बरोबर. सांगणारी मी होते.

गुरुजी म्हणाले, "तू टेक्निकल माणूस, तुझं मत काय?"

"पट्टी पुढच्या कॅमेऱ्याला लावता, मागचा उघडाच असतो, गुरुजी."

ते हसले. विषय संपला. मी असे विषय संपवते.

११ फेब्रुवारी

लताचा फोन. "शोभीचा आठवडाभर बंद लागून राहिला. गेल्या बुधवारी कुण्या अनोळखी नंबरवरून आला, मी बोलले, तर कुणी काही बोललंच न्हाई. ठीक हाय ना ती?"

"अनोळखी नंबरवर तू 'बोल शोभे' कशी म्हणालीस?"

"मला दुसरं कोण करणार, वैशे? ह्यांच्या दुकानच्या लोकान्ला ह्यांचा नंबर हाय. माझा फोन वाजला की शोभीच."

मी म्हणाले, "तिचा फोन माझ्या दुकानात आहे."

एक शब्द खोटा नाही. ड्रॉवरमध्ये फोन होताच. तशी वाक्यं मला पटकन सुचतात.

"लवकर कर ग. आठवा सरत आला."

पहिलं बाळंतपण माहेरी. लताला माहेर नाही. आईनं दार लावून घेतलंय. गुरुवारी गयाबाई भजनाला गेल्या की अर्धा तास शोभा तिला सांगायची, काय खायचं, किती चालायचं, कमरेला काय लावायचं. शोभाचं स्वतःचं पोर तीन वर्षांचं, तिला सगळं ताजं आठवतं. अर्ध्या तासाचं माहेर होतं ते. मी बंद पाडलं.

१५ फेब्रुवारी, रवि.

जीपनं शोभाच्या गावी गेले. निमित्त: गयाबाईंच्या फोनची काच. काच खरंच तडकलेली होती.

घरी कुणी नव्हतं, सगळे शेतावर. तिथं ढोलाएवढ्या कुकरमधून शिजलेली हळद निघत होती, वाफ, मातीचा आणि हळदीचा ओला वास. शोभा आणि दोन मजूर बाया ताडपत्रीवर हळद पसरत होत्या. शोभाचे हात कोपरापर्यंत पिवळे. मला बघून उठली नाही.

गयाबाई बाजेवर. मी त्यांच्या शेजारी बसून काच लावायला घेतली.

शोभा आपणहून म्हणाली, हळदीकडे बघत, "लतीनं ह्या आईन्ला फोन लावला, तुला कळलं आसंल."

"लतानं?"

"मंग? एवढं सांगून ठिवलं होतं, तू करू नगं, मी करीन. गुरुवार बी सांगितला. तिला दम न्हाई. आईन्ला फोन लावून म्हणे शोभीला द्या. तिचं काय जातं? तिला कुणाचं ऐकायचं हाय? घर माझं हाय." हळदीचा गड्डा जरा जोरात टाकला. "जाऊ दे तिला. माझ्यासाठी ती मेली."

मी गयाबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. दुकानात त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, मी गॅस म्हणलं म्हणून. घरी येऊन दुसरं सांगितलं. दत्ताभाऊला खरं ठाऊक आहे, पण आईपुढे तो बोलत नाही. गयाबाईंनी नुसती बंदी घातली असती तर शोभानं वाट काढली असती. तिच्या मनात राग घातला, आता ती स्वतःच बंद झाली.

एका वाक्याचं काम होतं. मजूर बाया होत्या, गयाबाई होत्या, ही सगळी कारणं. काचेखालचा बुडबुडा कार्डानं बाहेर काढत राहिले.

निघताना गयाबाई बांधापर्यंत आल्या. हळद बांधून दिली रुमालात. म्हणाल्या, "पोरी, तू लय शहाणी हायस. गप बसलीस, बरं केलंस."

जीपमध्ये तो रुमाल मांडीवर. गरम होता अजून.

१७ फेब्रुवारी

वही काढून पाहिलं. एका घराला एक खातं अशी किती घरं केली. पान भरलं, मग मोजणं सोडलं. फोन करकरून लोकांना बोलावतेय, खाती वेगळी करून देते, पैसे नाही घेणार.

कुणाला नकोय.

एक गृहस्थ, तीन भाऊ एकत्र राहतात: "वेगळं खातं काहून? आमच्यात वाटण्या न्हाई झाल्या अजून."

"वाटणीचा संबंध नाही काका. तुमचं तुमच्या फोनमध्ये, वहिनींचं त्यांच्या."

"म्हंजे तिचं मला दिसणार न्हाई?"

"नाही."

"मंग कशाला करायचं?" आणि मोकळेपणानं हसले. वाईट माणूस नाही.

त्यांची बायको मागे उभी होती. हसली नाही. बाहेर पडताना काउंटरवर बोट ठेवून हळूच विचारलं, "एकटी आले तर करून देता का?"

हो म्हणाले. वेळ सांगितली. त्यांना विचारून घेतलं, काय दिसायला हवं, काय नको. आधी कुणालाच विचारत नव्हते. पुरुष सांगायचे, मी करायचे.

आप्पा म्हणाले, "गिऱ्हाईक तोडून राहिलीस. लोकाला त्रास झाला का काही?" त्यांना माहीत नाही. सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनि.

लता. तिसऱ्यांदा. "एक फोन दुरुस्त करायला पंधरा दिवस? वैशे, खरं सांग."

सांगितलं. खातं, नाव, गॅस, गयाबाई. वहीत लिहिते तसं क्रमानं सांगितलं. शोभा काय समजून बसलीये तेही.

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता.

"तिला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मंग मला काहून सांगून राहिलीस? मला काय करता येतंय इथून?"

 तिला सांगणं सोपं होतं म्हणून तिला सांगितलं, हे उत्तर होतं.

मग तिनं विचारलं, "ती काय म्हणाली माझ्याबद्दल?"

"रागात होती."

"काय म्हणाली?"

"रागात होती एवढंच."

"तू लई मोजून बोलतेस ग. शाळेत बी तशीच होतीस. आमी दोघी बहिणी म्हणायचो, हिच्याकडून रबर मागितला तर आधी किती खोडायचं ते विचारते." हसली, मग तिला दम लागला, फोन ठेवला.

२४ फेब्रुवारी

गयाबाई आल्या. बटणाचा फोन घेऊन. मधेच बंद पडतो. बॅटरी सैल, आत हलते. याला एकच इलाज, कागदाची घडी करून बॅटरीच्या कडेला दाबून बसवायची. सगळे दुकानदार तेच करतात.

"शोभीला भाजी-माळव्याच्या गाडीला फोन लावायचा आसतो, तिच्याच हातात आसतो आजकाल," म्हणाल्या. "आता काही भीती न्हाई. तिनं स्वताच तोडलं." आणि काकूंकडे ब्लाउज दाखवायला गेल्या.

फोन माझ्या हातात, झाकण उघडं. बिलबुकाच्या मागून कागद फाडला आणि लिहिलं, बारीक अक्षरात:

लतानं फोन केला नव्हता. सासूबाई माइकवर गॅस म्हणाल्या. ते नाव माझ्या चुकीनं त्यांच्या फोनमध्ये गेलं होतं. लताचा नंबर… आणि दहा आकडे. खाली वै.

चार घड्या केल्या. बॅटरीच्या कडेला बसवला. अगदी घट्ट. फोन सुरू केला, हलवून पाहिला. बंद पडला नाही. दुरुस्ती म्हणून उत्तम.

झाकण लावलं आणि मग कळलं काय करतेय ते. पुन्हा तिला न विचारता, तिची गोष्ट एका फोनमध्ये लपवून, आणि तो फोन तिचा नाही. बॅटरी आधी कोण काढेल? दत्ताभाऊ, सिम बदलायला. किंवा दुसऱ्या गावचा दुकानदार, मोठ्यानं वाचत.

झाकण काढलं. कागद काढला. कोऱ्याची घडी घातली.

गयाबाई परत आल्या तेव्हा लिहिलेला कागद माझ्या मुठीत होता. "किती वेळ चालंल?" त्यांनी विचारलं.

"कागद दबेपर्यंत."

मूठ दुखेपर्यंत मिटलेली होती, त्या गेल्यावरच कळलं.

२६ फेब्रुवारी, गुरु.

गुरुवार. भजन. पावणेतीनची जीप धरली. आप्पांना म्हटलं, सेनगावला सामान आणायला जातेय. खोटं, आणि साधं खोटं. बरं वाटलं त्याचं.

शोभा घरी एकटी, मोरीत कुकरच्या मोठ्या चाळण्या घासत होती. पोरगं झोपलेलं. मी उंबऱ्यात उभी राहूनच सांगायला सुरुवात केली. बसले असते तर सांगितलं नसतं.

"लतानं फोन केला नव्हता. सासूबाईंनी लावला. गॅस म्हणाल्या. नंबर त्यांच्या फोनमध्ये गेला तो माझ्यामुळे. तिन्ही फोनना एक खातं मी घातलं. एकात टाकलं की तिन्हीत दिसतं हे मला माहीत होतं."

ती घासत राहिली.

"म्हंजे कंपनीनं…"

"कंपनीनं नाही. मी."

हात थांबले. "लतीनं न्हाई केला?"

"नाही."

"आईन्ला ठावं होतं?"

"हो."

"तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी हळदीत बसून बोलले तवा बी? मेली म्हणले तिला. तवा तू इथंच होतीस, काच लावत." आवाज चढला नाही. तसा चढला असता तर बरं झालं असतं. "वैशे, तू चुकलीस ते मी एका दमात सोडलं आसतं. मला काय कळतंय त्यातलं, मशीन हाय, व्हतं. पण तू गप काहून बसलीस?"

मी म्हणाले, "तुझा नवरा कंपनीला बोल लावत होता. मला ते सोयीचं पडलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, शाळेत गणित चुकल्यावर पाहायची तसं, पण चूक तिची नव्हती.

मग एकदम: "नंबर सांग."

मी पर्समधून तो कागद काढला. तिनं मान हलवली. "कागुद नगं. त्वांडानं सांग. मला तिचा नंबर कधी आलाच न्हाई बघ. गॅस दाबायचं, एवढंच."

दहा आकडे सांगितले. तिनं म्हटले. दुसऱ्यांदा सांगितले, तिनं चाळणी घासता घासता म्हटले, पाळण्याच्या चालीवर. तिसऱ्यांदा म्हणताना शेवटचे दोन उलटे पडले, मी दुरुस्त केले, तेवढ्यात पोरगं उठलं आणि गल्लीत गयाबाईंची चप्पल. आज भजन लवकर आटपलं होतं.

"फोनचा कागद बसला का बघायला आले होते," मी म्हणाले.

गयाबाई म्हणाल्या, "बसलाय. आसं गुरुवारी यायचं न्हाई पोरी. गुरुवारी आमी घरी नसतो."

शोभा पोराला काखेत घेऊन आत गेली. मागे वळली नाही. ओठ हलत होते का, दिसलं नाही.

२ मार्च

दुरुस्त केल्यावर शोभानं तो नंबर पुन्हा म्हटलेला मी ऐकला नाही. बरोबर म्हटला का उलटा, माहीत नाही. इतक्या वर्षांत एकही फोन मी तपासल्याशिवाय परत दिला नाही.

उलटा नंबर कुणाचा आहे ते लावून पाहिलं. 'अस्तित्वात नाही.' निदान तेवढं.

शोभाचा टचचा फोन विकत घ्यायला एक जण आला होता. दिला नाही. सांगितलं, बोर्ड गेलाय.

६ मार्च, शुक्र.

लताच्या नवऱ्याचा फोन. मुलगी. वसमतच्या सरकारी दवाखान्यात, काल दुपारी. दोघी ठीक. काल गुरुवार होता; हे तो म्हणाला नाही, मीच मोजलं.

मग लतानं फोन घेतला. आवाज खोल गेलेला. "शोभीला कळवता येईल का?"

"नंबर तिच्याकडे आहे. पाठ केलाय. बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

सांगितलं.

"आला न्हाई अजून," ती म्हणाली. मग बाळ रडलं.

९ मार्च

बाजारात गयाबाई दिसल्या, लांबून. माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला, हळदीचा भाव विचारत पुढे गेल्या. त्यांना कळलंय की नाही, चेहऱ्यावरून काही समजत नाही. त्याही मोजून बोलणाऱ्या आहेत. हे आधी लक्षात यायला हवं होतं.

काकूंनी विचारलं, "त्या म्हातारीच्या फोनाचं काय झालं मंग? कंपनीनं काही कळवलं का?"

"कंपनीचा दोष नव्हता काकू. माझा होता. मी खातं चुकीचं टाकलं होतं."

काकूंनी दातांत सुई धरूनच माझ्याकडे पाहिलं. "तू कशाला आपल्यावर ओढून घेतेस? ते लोक करतातच तसं." आणि फोन बटणाच्या डब्यात घातला.

१२ मार्च, गुरु.

तीन वाजून दहा मिनिटांनी लताचा फोन. कुजबुजत, बाळ झोपलेलं.

"वैशे, एक मिस कॉल आला. एकदाच वाजला. मी दुपट्यात हात घालून उचलेपर्यंत गेला. नंबर सांगते."

तिनं आकडे सांगितले. त्या घरच्या बटणाच्या फोनचा. सिम मीच घातलेलं, शेवटी अठ्ठेचाळीस.

"शोभीच ना?"

भजनाची वेळ होती. शोभा असेल. पण तो फोन कधी पिशवीत, कधी हातात. आणि लताचा नंबर गयाबाईंच्या फोनमध्ये त्या बुधवारपासून पडलेला आहे, केलेल्या फोनच्या यादीत. तो मी पुसला नव्हता. पुसायला कुणी सांगितलं नव्हतं. तो बघून बटणाच्या फोनवरून कुणीही लावू शकतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"उलट लावू?"

दुकानात कुणी नव्हतं. हातात एक फोन उघडा, त्याची बॅटरी वेगळी.

"नको. थांब. ती पुन्हा लावेल."

"अन् लावला तर?"

"उचल. पण आधी तू बोलू नको. नाव घेऊ नको. पलीकडून आवाज येऊ दे."

"अन् आलाच न्हाई तर?"

"तरी ठेवू नको. बाळाला फोनजवळ धर."

ती हो म्हणाली. आम्ही दोघींनीही फोन ठेवला नाही, मग ती म्हणाली, ठेवते, लाइन मोकळी राहू दे.

आता साडेचार. लताचा फोन अजून नाही.